समुद्राकाठची शाळा आणि टुरिस्ट व्हिसा

प्रश्न: ताई, मी २४ची, वरळी कोळीवाड्यात मुलांचे क्लास घेते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला समुद्राकाठच्या सेकंडरी शाळेत वर्षभर युथ वर्कर म्हणून व्हॉलंटियर करायचंय, टुरिस्ट व्हिसावर जमेल का?

उत्तर: नाही गं! टुरिस्ट म्हणजे तिकडच्या व्हिजिटर व्हिसावर व्हॉलंटियरिंग फार तर ३० दिवस, तेही रजिस्टर्ड चॅरिटीसाठीच. वर्षभरासाठी चॅरिटी वर्कर व्हिसा, १२ महिन्यांपर्यंत मिळतो, पण स्पॉन्सर लायसन्सवाली (परदेशातून माणूस बोलवायची तिथल्या सरकारची परवानगी असलेली) संस्था लागते, नुसतं कुणी "ये" म्हटलं म्हणून भागत नाही. पगार शून्य, राहण्याजेवणाचा खर्च मात्र देऊ शकतात, तो आधी लेखी घे, लाजू नकोस. टीबी टेस्ट लागेल, आणि मुलांसोबतचं काम म्हणजे पोलीस क्लिअरन्स मागणारच, त्याचा अर्ज पासपोर्ट सेवाच्या साइटवर होतो. मालवणी मसाला ने, तिकडचे मासे फारच अळणी!