श्रमदान म्हणजे सहभाग नव्हे : पुरानंतर वस्ती उभी करताना

आपला प्रश्न दोनदा वाचला. नाल्याकाठच्या आपल्या वस्तीत पाणी शिरले, साठेक घरांची जोती आणि भिंती खचल्या, एक देणगीदार संस्था दुरुस्तीचा खर्च उचलायला तयार आहे, पण तिने लोकसहभागाची अट घातली आहे. तेव्हा प्रत्येक घरातून एक माणूस श्रमदानाला आणला म्हणजे ती अट पूर्ण होईल का, असे आपण विचारता. कागदावर होईल. मात्र आपल्याकडची निम्मी माणसे सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभी राहून त्या दिवसाचे पोट भरतात. त्यांचा रोज बुडवून त्यांच्याकडून रेती वाहून घेणे याला मी सहभाग म्हणणार नाही. निर्णय कोण घेतो आणि पैशाचा हिशेब कोण पाहतो, एवढ्या दोनच गोष्टींवरून सहभाग ओळखावा.

हे मी किल्लारीत शिकलो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर मी कनिष्ठ अभियंता म्हणून औसा तालुक्यात काम करीत होतो. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. रस्ते रुंद, रेषा सरळ, घरे काँक्रीटची. नकाशा पाहून आम्ही खूश होतो. एका म्हातारीने नव्या घराच्या उंबऱ्यात उभे राहून मला विचारले की बैल कुठे बांधायचे आणि कडबा कुठे रचायचा. माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण हा प्रश्न नकाशा काढण्याआधी कोणी तिला विचारलाच नव्हता. पुढे अशा अनेक घरांशेजारी लोकांनी आपल्या सोयीचे आडोसे आणि गोठे स्वतःच उभारले.

कमी हानी झालेल्या गावांत मात्र घरमालकाने मदत घेऊन स्वतःच घर दुरुस्त आणि मजबूत करायचे, अशी पद्धत होती, आणि तिथे गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. माळवदावरचा, म्हणजे सपाट धाब्याच्या छपरावरचा, मातीचा थर का कमी करायचा, दगडी भिंतीची दोन्ही तोंडे जोडणारे लांब दगड कुठे बसवायचे, हे त्या शेजारणीला समजावत आणि गवंडी चुकला तर त्याला थांबवत. आमच्या दहा भेटींनी जे होत नसे ते त्यांच्या एका फेरीत होई, हे कबूल करताना त्या वेळी मला थोडा कमीपणा वाटला होता. 2001 च्या भूकंपानंतर गुजरातेतही बहुतेक घरे मालकांनीच बांधली. रक्कम टप्प्याटप्प्याने मिळे आणि काम तपासल्यावरच पुढचा हप्ता सुटे.

आता आपल्या वस्तीकडे येतो. पहिले काम यादीचे, आणि तंटे इथेच होतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि आमच्याही घरात कमरेएवढे पाणी शिरले. शासनाने बाधित कुटुंबाला 10 हजार रुपयांची मदत जाहीर केली. आमच्या गल्लीत एका घरमालकाचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर कोरडे राहिले आणि खाली भाडेकऱ्याचे गहू, गादी, फ्रिज सगळे चिखलात गेले. पंचनाम्यावर मात्र नाव घरमालकाचे लागले. भाडेकरू मला म्हणाला, “काकाजी, पाणी माह्या घरात आलं अन् पैसे त्याले भेटले.” त्याच्याकडे दाखवायला भाडेकरारसुद्धा नव्हता.

म्हणून वस्तीच्या समितीने आधी भिंतीवरची गाळाची रेघ पुसली जाण्यापूर्वी घरोघरी तिची उंची मोजावी, दारात उभे राहून फोटो घ्यावा आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याचे नाव लिहावे, मालकाचे नाव वेगळ्या रकान्यात. विधवा, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया आणि भाडेकरू यांच्याकडे मुद्दाम जावे, कारण सभेला ते येत नाहीत, आणि आले तरी बोलत नाहीत. मग खेड्यात करतात तसे चावडीवाचन करावे: संध्याकाळी, कामावरची माणसे परतल्यावर, समाजमंदिरापुढे संपूर्ण यादी मोठ्याने वाचावी आणि हरकती तिथेच लिहून घ्याव्यात. आरडाओरड होईल, ती होऊ द्यावी. यादीत घुसलेले खोटे नाव शेजारी जितक्या लवकर ओळखतो तितक्या लवकर कोणताही अधिकारी ओळखत नाही.

रक्कम ठेकेदाराच्या हाती एकगठ्ठा देऊ नये. जोते, भिंत आणि छप्पर असे तीन टप्पे ठरवून प्रत्येक घरमालकाला हप्ता द्यावा, आणि पुढचा हप्ता सुटण्यापूर्वी एक अभियंता व वस्तीतल्या दोन स्त्रिया यांनी काम पाहावे. सिमेंट आणि लोखंड एकत्र खरेदी केल्यास भाव उतरतो, मात्र बिले समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवावीत. ज्याच्या घरात करता माणूस नाही त्याच्यासाठी गवंड्याची मजुरी समितीने वेगळी काढावी. श्रमदान करवायचेच असेल तर ते या घरांसाठी, सुटीच्या दिवशी आणि स्वेच्छेने.

एक गोष्ट मात्र लोकांच्या बहुमताने ठरत नाही, ती म्हणजे पूररेषा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. आपली काही घरे निळ्या रेषेच्या आत असतील, तर तिथेच पैसा ओतणे म्हणजे पुढच्या पुराची तयारी करणे होय. आपल्याच जिल्ह्यातल्या मोवाडने 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुरात 204 माणसे गमावली. दुसरीकडे, जागा बदलली की सगळे सुरळीत होते असेही नाही: 2014 मध्ये दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीणच्या पुनर्वसित गावात 2017 च्या पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले आणि तडे गेले. त्यामुळे नकाशा मागवून रेषेच्या आतल्या कुटुंबांशी सभेत नव्हे, त्यांच्या घरी बसून बोलावे. त्यांची घरे कुठे जाणार हे ठरेपर्यंत त्यांच्या वाट्याची रक्कम राखून ठेवावी, ही अट संस्थेबरोबरच्या करारात आताच लिहून घ्या. आपल्या प्रश्नात या घरांची संख्या दिलेली नाही. ती कळवलीत तर हप्त्यांचा आराखडा मी बसवून देईन.