बाळंतपणानंतर सुरुवातीला एवढेच सांभाळा
शरीर नैसर्गिकरीत्या भरून येण्यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे विश्रांती, आणि बहुतेक जणी नेमकी तीच टाळतात. गर्भाशय पूर्ववत होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. त्या काळात योनीमार्गातून होणाऱ्या रक्तमिश्रित स्रावाकडे लक्ष ठेवावे: फिकट होत आलेला स्राव थोड्या कामानंतर पुन्हा लालभडक झाला, तर आपण घाई केली असे समजून पुन्हा आडवे व्हावे.

बाकी सुरुवातीला एवढेच पुरे:

- टाके असल्यास लघवी करताना त्यांवर कोमट पाणी ओतावे, म्हणजे आग कमी होते. नंतर जागा चोळू नये, मऊ कापडाने टिपून घ्यावी.
- भरपूर पाणी आणि तंतुमय आहार घ्यावा, कारण कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो.
- झेपेल तसे थोडे थोडे चालावे.

पोट आत जावे म्हणून पट्टा करकचून बांधणे आणि दूध पाजत असताना कोणी सुचवलेले काढे डॉक्टरांना न विचारता घेणे, या नेहमीच्या चुका आहेत. व्यायामाचे पुढे पाहू. त्याची आत्ता मुळीच घाई नाही.

मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप, एका पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ रुग्णालय गाठावे. उदासी दोन आठवड्यांनंतरही टिकली, तर तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.