गव्हनमध्ये भाड्याने राहावं का? ग्लासगोला येणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की ग्लासगोच्या क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलात नर्सची ऑफर आलीये, मिस्टर मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, मुलगी लहान आहे, हॉस्पिटलजवळ गव्हनमध्ये फ्लॅट बाकी शहराच्या मानाने स्वस्त दिसतायत पण जो तो म्हणतोय तिकडे राहू नका, तर खरं काय. मी बरीच वर्षं गव्हनमध्येच राहते आणि माझं म्हणणं आहे की या, पण हा भाग असा का झाला ते समजून या. स्वस्त का आहे ते त्यातच आहे आणि लोकांच्या बोलण्यात तथ्य किती तेही कळेल.

पहिली गोष्ट, गव्हन हे ग्लासगोचं उपनगर म्हणून वसलेलंच नाही. क्लाइड नदीच्या दक्षिण काठावरचं हे हजार वर्षांहून जुनं गाव, स्ट्रॅथक्लाइडच्या राजांचं ठाणं. इथल्या जुन्या चर्चमध्ये नवव्या ते अकराव्या शतकातले कोरीव दगड ठेवलेत, त्यातले पाच तर अजस्र, पाठीला बाक असलेले आणि वरून कौलं घातल्यासारखं नक्षीकाम. १८६४ ते १९१२ गव्हनची स्वतःची नगरपालिका होती, ग्लासगोत विलीन झालं तेव्हा वस्ती ९० हजारांच्या आसपास. जुने लोक अजूनही आधी गव्हनचे आणि मग ग्लासगोचे असतात, हे तुम्हाला वॉर्डातल्या पेशंटांकडूनच कळेल.

एवढी माणसं आली ती जहाजांसाठी. १८४१ मध्ये रॉबर्ट नेपियरने इथे जहाजं बांधायचं यार्ड चालू केलं, १८६४ ला जॉन एल्डरच्या कंपनीने फेअरफील्ड नावाच्या शेताच्या जागेवर मोठं यार्ड काढलं, पुढे शेजारच्या लिंटहाउसला स्टीफन, मग हार्लंड अँड वुल्फ, अशी एकेका कंपनीची यार्डं आली. मिस्टरांना सांगा, एल्डरचं कंपाउंड इंजिन म्हणजे एका सिलिंडरमधली वाफ वाया न घालवता दुसऱ्या मोठ्या सिलिंडरमध्ये पुन्हा वापरायची, त्याने कोळसा जवळपास एक तृतीयांश वाचायला लागला आणि लांबच्या सफरी वाफेवर परवडायला लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी जगात पाण्यात उतरणाऱ्या जहाजांपैकी साधारण पाचवा हिस्सा क्लाइडवर बांधला जायचा. आणि आपला संबंध पण आहे बरं का, अँकर लाइनच्या सर्केशिया, सिलिशिया आणि कॅलेडोनिया या लिव्हरपूल-मुंबई बोटी फेअरफील्डलाच बांधलेल्या, पन्नाशीच्या दशकात विलायतेला शिकायला बोटीने गेलेले कुणी तुमच्या ओळखीत असतील तर ही नावं त्यांना नक्की आठवतील.

एल्डर १८६९ ला गेला, मूल नव्हतं, आणि त्याची बायको इझाबेला हिने तो पैसा गव्हनसाठी आणि बायकांच्या शिक्षणासाठी खर्च केला. यार्डाच्या समोरचं एल्डर पार्क १८८५ मध्ये तिने दिलेलं, त्यातली लायब्ररीही तिचीच, आणि ग्लासगोत बायकांना डॉक्टरी शिकता आली त्यात तिच्या पैशाचा मोठा वाटा. पार्कात तिचा पुतळा आहे. तुमची मुलगी खेळायला तिथेच जाणार आहे म्हणून आवर्जून सांगतेय.

आता घरांचं. कामगारांसाठी दगडी टेनेमेंट बांधली, तीन-चार मजले, एका क्लोजमध्ये म्हणजे सामाईक जिन्यावर सात-आठ बिऱ्हाडं, एकेका खोलीत अख्खं कुटुंब आणि संडास जिन्यावर. आपल्या गिरणगावातल्या चाळी डोळ्यासमोर आणा. १९१५ मध्ये युद्धामुळे कामगारांची रीघ लागली तसं घरमालकांनी भाडी वाढवली, पुरुष आघाडीवर गेलेले तरी. तेव्हा मेरी बार्बर नावाच्या गव्हनच्या बाईने आळीआळीतल्या बायका उभ्या केल्या, भाडं जुनंच देणार, वाढ देणार नाही. क्लोजच्या तोंडाशी एक बाई घंटा घेऊन बसायची, घर खाली करायला आलेला बेलिफ दिसला की घंटा, की सगळ्या जणी हातातलं काम टाकून धावत यायच्या आणि त्याच्यावर पिठाचा मारा. नोव्हेंबरपर्यंत शहरात वीसेक हजार घरं संपात होती, १७ तारखेला कोर्टावर प्रचंड मोर्चा गेला, यार्डातले कामगारही उतरले, आणि डिसेंबरात सरकारने भाडी गोठवायचा कायदा केला. सबवेतून, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेतून, बाहेर पडलात की समोरच मेरीचा पुतळा आहे, ती पुढे आणि मागे बायकापोरांची रांग. २०१८ मध्ये बसवला, लोकांनी वर्गणी काढून. मला ती बाई फार मोठी वाटते.

आणि तुम्ही भाडेकरू म्हणून येताय तर हे पक्कं लक्षात ठेवा की स्कॉटलंडमध्ये भाडेकरूला भक्कम कायदा आहे. मालकाची सरकारी नोंदणी लागते, ती ऑनलाइन तपासता येते. डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ३० कामाच्या दिवसांत ते मान्यताप्राप्त स्कीममध्ये भरावंच लागतं. एजंट फी वगैरे मागणं बेकायदा, भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं आणि तीन महिने आधी लेखी कळवून. भारतातून पैसे पाठवून फ्लॅट बुक करू नका, अजिबात नाही, आधी महिनाभर हॉस्पिटलच्या किंवा तात्पुरत्या जागेत राहा.

बदनामी झाली ती यार्डं गेल्यावर. १९६२ ला हार्लंड बंद, १९६८ ला स्टीफन. उरलेल्यांची मोट बांधून अपर क्लाइड शिपबिल्डर्स केली ती १९७१ च्या जूनमध्ये दिवाळ्यात, सरकारने मदत नाकारली. तेव्हा कामगारांनी संप केला नाही, उलट यार्ड ताब्यात घेऊन काम चालू ठेवलं, ज्यांना काढलं त्यांनाही रोज कामावर आणलं आणि त्यांचा पगार वर्गणीतून दिला. पुढारी जिमी रीड, गव्हनचाच, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं की गुंडगिरी नाही, तोडफोड नाही, दारू नाही, अख्खं जग आपल्याकडे बघतंय. फेब्रुवारी १९७२ मध्ये सरकारला साडेतीन कोटी पाउंड द्यावे लागले. गव्हनचं यार्ड त्यामुळे वाचलं, पण बाकी काठावर काम उरलं नाही, गोद्या ओस पडल्या, प्रिन्सेस डॉक बुजवला, तिथे आता सायन्स सेंटर आणि बीबीसी आहे. बापाचं काम गेलं आणि मुलाला मिळालंच नाही अशी घरंच्या घरं, मग दारू, ड्रग्ज, सगळं आलं. ते आजही काही प्रमाणात आहे, लपवत नाही, रात्री उशिरा काही कोपरे टाळावेत आणि इब्रॉक्सच्या फुटबॉल स्टेडियमला मॅच असेल त्या दिवशी बस-सबवेचा हिशोब आधीच करावा. पण इथले लोक वाईट आहेत असं कुणी म्हटलं की मला राग येतो. पोरीची बाबागाडी जिन्यावरून उचलायला न सांगता हात पुढे येतो तो इथेच.

सध्या दिवस बदलतायत. सप्टेंबर २०२४ मध्ये गव्हन ते पलीकडच्या काठावरचं पार्टिक असा पायी आणि सायकलचा पूल झाला, इथली नदी ओलांडायची होडी १९६६ मध्येच बंद झाली होती. आता चालत पलीकडे रिव्हरसाइड म्युझियम, फुकट आहे, आणि पुढे युनिव्हर्सिटीचा भाग. याचाच परिणाम म्हणून भाडी वाढतील असं मला वाटतं.

मिस्टरांच्या नोकरीचं, यार्ड आता बीएई सिस्टिम्सचं आहे, टाइप २६ युद्धनौका तिथे बनतात, पहिली एचएमएस ग्लासगो २०२२ मध्ये पाण्यात उतरली. पण संरक्षणाचं काम असल्याने सुरक्षा तपासणी असते आणि त्यात या देशातलं काही वर्षांचं वास्तव्य बघतात, त्यामुळे लगेच तिथे लागेल असं धरून येऊ नका, दुसऱ्या इंजिनिअरिंग कंपन्यांत अर्ज आत्तापासून करा.

फ्लॅट बघताना तळमजला टाळा, खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत ना आणि बाथरूमच्या भिंतीला काळी बुरशी नाही ना ते हात लावून बघा, हीटिंग गॅसचं की विजेचं ते विचारा कारण बिलात खूप फरक पडतो. हॉस्पिटलला गव्हन सबवेपासून चालत जाता येतं, बसही भरपूर. दोन-तीन रस्ते नक्की झाले की नावं कळवा, मी संध्याकाळच्या वेळी चक्कर मारून सांगते कसे आहेत ते.