विचारा, सांगतो : पत्रिकेतला नकाशा

प्रश्न : दादा, धाकट्या बहिणीचं लग्न आहे, कार्यालय वाईच्या पुढे मेणवली रस्त्याला. निम्मे पाहुणे सांगली-कोल्हापूरचे, निम्मे पुण्या-मुंबईचे. पत्रिकेत टाकायला छोटा नकाशा घरीच बनवायचा विचार आहे, छापखानावाला म्हणतो गूगलचा स्क्रीनशॉट द्या, टाकून देतो. कसं करू?
— नवरीची ताई, सांगली

उत्तर : ताई, स्क्रीनशॉट नको. एक तर तो छापल्यावर फुटतो, आणि त्यात वाईतली सगळी मेडिकल, एटीएम, हॉटेलं दिसतात पण जिथे वळायचं तो फाटा मुंगीएवढा. शिवाय गूगलचा नकाशा छापायचा तर त्यांच्या अटी आहेत, नाव पुसून तर अजिबात चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला इंटरनेटवरचा खुला नकाशा, वापरू शकता, फक्त खाली बारीक अक्षरात त्यांचं श्रेय द्या. तोसुद्धा जसाच्या तसा छापू नका, इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात नकाशा खाली ठेवायचा, वरून हव्या तेवढ्याच रेघा गिरवायच्या आणि खालचा उडवून टाकायचा.

आता हव्या तेवढ्याच म्हणजे किती, तर पाहुणा जिथे चुकू शकतो तेवढ्याच. तुमच्याकडे तर हे फार सोपं आहे. हायवेची एक जाड उभी रेघ, वर पुणे, खाली सातारा, डावीकडे वाई. पुण्याकडून येणाऱ्यांनी खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्याला उजवीकडे, तुमच्या सांगलीकरांनी सातारा सोडून आनेवाडी टोलनाका गेला की पाचवड फाट्याला डावीकडे. आणि भुईंज नक्की दाखवा, ते दोन्ही फाट्यांच्या मधे आहे, म्हणजे कुणीही कुठूनही येवो, भुईंज आलं तर समजायचं आपला फाटा मागे राहिला. असली खूण दहा देवळं दाखवण्यापेक्षा कामाची. खंडाळा लिहायचं असेल तर कंसात ‘जि. सातारा’ लिहा, नाहीतर मुंबईचे काका लोणावळ्यापाशीच गाडी हळू करतील!

स्केलची काळजी करू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेचा 1933 साली आलेला हॅरी बेकचा नकाशासुद्धा स्केलवर नाही, तरी लोक त्यावरच फिरले. सुरूर ते वाई दीड इंचात बसवा, पण वाई ते कार्यालय हा शेवटचा तुकडा मोठा काढा, खरी चुकामूक तिथेच होते, हायवेवर नाही. तो तुकडा कोपऱ्यात वेगळ्या चौकटीत घ्या, एसटी स्टँडपासून सुरू करा (स्वारगेटहून एसटीने येणारे आहेतच की), आणि कार्यालयाच्या आधीचं एक वळण आणि त्या वळणावर जे दिसतं ते लिहा. दिसतं म्हणजे लग्नाच्या दिवशीही तिथे असणारं, फ्लेक्स नव्हे. गाड्या कुठे लावायच्या तेही दाखवा.

साइज ए सिक्स ठेवा, म्हणजे 105 बाय 148 मिमी, ए थ्रीच्या एका शीटमधे आठ निघतात. पण आधी पत्रिका मोजा, नकाशा तिच्यापेक्षा थोडा लहानच हवा. कागद 130 जीएसएमचा (चौरस मीटरला 130 ग्रॅम) पुरतो, जाड घेतला की पाकीट फुगतं. अक्षर नऊ पॉइंटच्या खाली नको, आजोबांना गाडीत वाचायचंय. आणि नुसत्या लाल-हिरव्या रंगावर फरक दाखवू नका, मुख्य रस्ता जाड, बाकीचे बारीक, म्हणजे झेरॉक्स काढली तरी कळतं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. युनिकोड मराठीची फाइल छापखान्यातल्या जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमधे उघडली की जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. म्हणून इंकस्केपमधे टेक्स्टचे पाथ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, मगच पीडीएफ द्या, आणि टेक्स्ट असलेली मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, कारण पाथ केल्यावर चूक सुधारता येत नाही, आणि चुका मामा लोक काढतातच.

प्रश्न : आमच्या पत्रिकेवर क्यूआर कोड आहेच, मग नकाशा कशाला? आणि तो कोड सोनेरी रंगात हवाय, चालेल ना?
— नवरदेव, नाशिक

उत्तर : सोनेरी नको भाऊ. चमकणाऱ्या शाईवर उजेड पडला की फोनला कोड वाचता येत नाही, आणि मरून रंगाच्या पत्रिकेवर सोनेरी म्हणजे गडद-फिकट उलटंच झालं, काही फोन घेतात, काही नाही. पांढऱ्यावर काळा, कमीत कमी दोन सेंटीमीटर, चारी बाजूंनी कोरी जागा सोडून. कोड बनवताना लोकेशनची लिंक थेट त्यातच घाला, काही फुकट साइट मधे स्वतःची लिंक घालतात आणि ट्रायल संपली की कोड बंद, नेमका लग्नाच्या आठवड्यात. पिन कार्यालयाच्या गेटवर टाका, मागच्या भिंतीवर पडली तर गूगल लोकांना मागच्या गल्लीत नेऊन सोडतं. प्रूफ छापून आलं की घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर स्कॅन करून बघा, मगच होकार द्या.

आणि नकाशा यासाठी, की गाडी चालवणाऱ्याच्या शेजारी बहुतेक वेळा आत्या बसलेली असते आणि फोन तिच्याकडे नसतो, पत्रिका असते.