शिसपेन्सिलीतलं शिसं

प्रश्न असा आहे: ‘शिसपेन्सिलीत शिसं नसतं म्हणतात. मग हे नाव आलं कुठून? आणि मुलगा दिवसभर पेन्सिल चघळतो, त्याची काळजी करावी का?’

टोकाची तरी नको. आत असतं ते ग्राफाइट, म्हणजे कार्बन, मातीत मळून भाजलेला. सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलला ते सापडलं, तेव्हा त्याची करडी रेघ पाहून लोकांनी ते शिशाचाच प्रकार मानलं. १७७९ मध्ये शेले या रसायनज्ञाने तो कार्बन असल्याचं दाखवलं, पण तोवर ‘लेड पेन्सिल’ रुळली होती. आपण शब्द घेतला तो चुकीसकट! उलट पेन्सिलीच्या बाहेरच्या पिवळ्या रंगात पूर्वी शिशाचं क्रोमेट सर्रास असे. म्हणजे शिसं होतं, पण सालीवर.

मला गंमत वाटते ती पुढची. जिथे खरोखर शिसं असतं, तिथे आपल्या शब्दात त्याचा मागमूस नसतो. शेंदूर घ्या. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. तेलात कालवून वर्षानुवर्षं देवाला चढवला की त्याचं कवच होतं. वणीच्या सप्तशृंगीचं असं कवच २०२२ मध्ये उतरवलं, तेव्हा आतली मूर्ती दिसली. ‘दगडाला शेंदूर फासला’ म्हणताना आपण शिसं फासतोय हे कुणाच्या मनातही येत नाही.

त्याचा सख्खा भाऊ मुर्दाडशिंग, तेही शिशाचंच ऑक्साइड. गावठी औषधांच्या दुकानात पूर्वी पिवळसर खडे मिळत, तेच. यात मुर्दाही नाही नि शिंगही नाही. मूळ फारसी ‘मुर्दार-संग’, संग म्हणजे दगड. आपल्या कानाला संग परका, शिंग ओळखीचं, झालं शिंग. धातूंच्या औषधांवरच्या संस्कृत रसग्रंथांनी तर त्यावर कडी करून ‘मृद्दारशृंग’ असा सोवळा शब्द घडवला.

हे खडे येतात कुठून? गॅलेना हे शिशाचं गंधकयुक्त खनिज. राजस्थानात उदयपूरजवळ जावरला त्याच्या जुन्या खाणी आहेत. ते हवेत भाजलं की गंधक उडून ऑक्साइड उरतं, आणि ते कोकबरोबर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशाबरोबर, तापवलं की शिसं सुटं होतं. त्यातली चांदी वेगळी करायला शिसं पुन्हा हवेत तापवायचे. चांदी तळाशी राही आणि शिशाचं होई मुर्दाडशिंग. तेच हवेत बेताने तापवत राहिलं की शेंदूर.

आपल्या भाषेत शिसं उघडपणे दिसतं ते ‘कानात शिसं ओतणे’ यात. ३२७ अंशांना वितळणारा धातू, चुलीवरही पातळ होतो, म्हणून ही कल्पना सुचली असावी.

गवंड्याच्या ओळंब्याच्या नावात मात्र शिसं शोधू नका. ओळंब्याचा इंग्रजी शब्द ‘प्लम’ (plumb) शिशाच्या लॅटिन नावावरून आला, आपला ओळंबा ‘अवलंब’वरून, नुसता लोंबणारा. आणि शिसवी पलंगाचा शिशाशी काडीचा संबंध नाही. तो शिसव, संस्कृतातला शिंशपा. सामान्यरूपांत फरक दिसतोच: शिशाची गोळी, पण शिसवाचा पलंग.