वाचकांचे प्रश्न : ॲब्लेशन केलं की रक्त पातळ करायची गोळी सुटते का?

प्रश्न : मी ६७ वर्षांची, शाळेतून रिटायर झालेय, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. चार महिन्यांपूर्वी जिना चढताना धडधड सुरू झाली, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा आजार, निघालं. आता रक्त पातळ करायची अपिक्साबान सकाळ-संध्याकाळ आणि ठोके आटोक्यात ठेवायला मेटोप्रोलॉल चालू आहे. तरी आठवड्यातनं एक-दोनदा ठोके भरकटतात आणि त्या दिवशी चार भाकऱ्या थापायचंसुद्धा त्राण राहत नाही. डॉक्टर म्हणतात ॲब्लेशनचा, म्हणजे नळी घालून हृदयातला बिघडलेला भाग जाळायच्या इलाजाचा, विचार करा, मुलगा म्हणतो करून टाक म्हणजे गोळ्या सुटतील, शेजारच्या वहिनी म्हणतात त्यापेक्षा ॲस्पिरिन बरी. एकादशीला मी सकाळची गोळी घेत नाही, उपाशीपोटी कशी घ्यायची? गुडघ्यांसाठी मेडिकलमधून पेनकिलर आणते, ती चालेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एकादशीचं बोलतो, कारण तुमच्या पत्रात मला खरी काळजी त्याचीच वाटली. अपिक्साबानचा असर दिवसभर टिकत नाही, म्हणून तर ती दोनदा द्यावी लागते, आणि ती उपाशीपोटी घेतली तरी चालते, नुसत्या घोटभर पाण्याबरोबर. तेव्हा उपास खुशाल करा पण गोळी चुकवू नका. विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दोन मात्र एकदम घेऊ नका.

ही गोळी कशासाठी आहे ते नीट कळलं की बाकीचं सोपं होतं. या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिच्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की पॅरालिसिसचा झटका. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो. गोळी त्या गुठळीसाठी आहे, धडधडीसाठी नाही, त्यामुळे ठोके आठवडाभर नीट राहिले म्हणून ती सोडायची नसते. गोळी लागते की नाही हे आम्ही गुण मोजून ठरवतो : वय ६५ ते ७४ चा एक, बीपीचा एक, म्हणजे तुमचे दोन झालेच. पूर्वी बाई असण्याचाही एक धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनने तो काढला, पण दोन गुणांनाही गोळी लागतेच.

वहिनींना सांगा की ॲस्पिरिन आणि अपिक्साबानची सरळ तुलना झालेली आहे, २०११ मध्ये, ज्यांना वॉरफरिन ही रक्त पातळ करायची जुनी गोळी देता येत नव्हती अशा साडेपाच हजारांवर पेशंटमध्ये. झटके ॲस्पिरिनवर वर्षाला शेकडा ३.७ आणि अपिक्साबानवर १.६, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक इतका दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. खरा धोका तुमच्या त्या गुडघ्याच्या पेनकिलरचा आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता बरीच वाढते. त्या आजपासून बंद, गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा डोक्यावर पडलात तर लगेच दवाखाना गाठा.

आता ॲब्लेशन. फुप्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकीचे ठोके जन्मतात हे १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं, तिथूनच हा इलाज आला. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन त्या तोंडांभोवतीचा भाग जाळतात किंवा गोठवतात. मुलाचं म्हणणं इथे चुकतंय : त्यानंतर निदान दोन महिने रक्त पातळ करायची गोळी लागतेच, आणि पुढे ती चालू ठेवायची का हे पुन्हा त्या गुणांवरच ठरतं, म्हणजे तुमची चालूच राहील. मग करायचं कशाला? तर त्या भाकरीसाठी, ताई. दर आठवड्याला एक-दोन दिवस असे जात असतील तर तुमच्या बाबतीत विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय निदान होऊन वर्षाच्या आत ठोके नीट ठेवायचा प्रयत्न केला तर फायदा होतो हे २०२० च्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसलंय, आणि तुमचे तर चारच महिने झालेत. मात्र काहींना हे दुसऱ्यांदा करावं लागतं, जांघेत रक्त साकळतं, क्वचित हृदयाभोवती रक्त जमतं, म्हणून जिथे हे काम नेहमी होतं तिथेच करा. आधी थायरॉइड तपासलंय ना ते बघा, आणि झोपेत घोरत असाल, श्वास अडकत असेल तर तेही सांगा, नाहीतर ॲब्लेशन करूनही ठोके परत बिघडतात.

प्रश्न : मिस्टरांची मायट्रल झडप खूप अरुंद आहे, लहानपणच्या सांधेतापामुळे. त्यांनाही एट्रियल फिब्रिलेशन आहे. वॉरफरिनऐवजी नवी गोळी घेतली तर आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सारखं तपासायची, कटकट जाईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, त्यांना वॉरफरिनच. अशाच पेशंटचा अभ्यास २०२२ मध्ये झाला, भारतातलेही पेशंट त्यात होते, आणि रिव्हारोक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. आयएनआर २ ते ३ मध्ये राहू द्या. पालेभाज्यांनी वॉरफरिनचा असर बदलतो, तरी मेथी-पालक सोडायची गरज नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही असं नको.