स्थगितीच्या घरातला ठग

प्रश्न असा आला आहे : इंग्रजीतल्या ‘रिप्रीव्ह’ला, म्हणजे शिक्षेतून किंवा हालअपेष्टांतून मिळालेल्या तात्पुरत्या सुटकेला, मराठीत नेमका शब्द कोणता? ‘दिलासा’ चालेल का? आणि ‘स्थगिती’ची फोड ‘स्थ अधिक गती’ अशी करायची का?

दिलासा चालणार नाही. बातम्यांत तो कशालाही लावतात. जामीन मिळाला, दिलासा. पेट्रोल पन्नास पैशांनी उतरलं, दिलासा. चार दिवसांनी पाऊस थांबला, ‘पुणेकरांना दिलासा’. अहो, पाऊस थांबतो तेव्हा मराठीत तो उघडीप देतो, नाहीतर उसंत घेतो. दिलासा फारसीतला आहे, त्यात ‘दिल’ आहे आणि तो मनालाच द्यायचा असतो. दारात माणसं जमलेली असताना शेजारीण पाठीवर हात ठेवून ‘होईल सगळं नीट’ म्हणते, तो दिलासा. त्याने शिक्षेचा एक दिवसही कमी होत नाही की पुढे जात नाही.

आता फोड. ‘स्थ अधिक गती, म्हणजे गती थांबलेली’ ही व्युत्पत्ती स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून आणि फॉरवर्डांतून फिरते. ती साफ चूक आहे. तसं असतं तर शब्द ‘स्थगति’ झाला असता, ‘स्थगित’ नव्हे. वेलांटी कुठे आहे ते तरी बघावं! स्थग् हा धातू, त्याला लागून आलेला ‘इत’. लिखित, पठित तसं स्थगित. त्यावर शेपटाला ई जोडून ‘स्थगिती’ केली ती आपण, तहकूबची तहकुबी केली तशी. संस्कृतला हवं असतं तर तिने ‘स्थगन’ म्हटलं असतं, आणि स्थगन प्रस्तावात तो शब्द आहेच.

आणि स्थग् म्हणजे थांबणं नाहीच. स्थग् म्हणजे झाकणं. संस्कृतात स्थगित म्हणजे झाकलेला, आच्छादलेला, लपवलेला. ‘स्थगी’ म्हणजे विड्याच्या पानांचा डबा. सुश्रुताने जखमा बांधायचे जे १४ बंध सांगितले आहेत त्यांतला एक आहे ‘स्थगिका’ : अंगठा, बोटांची टोकं अशा ठिकाणी टोपीसारखी बसवायची पट्टी. बोट कापल्यावर आपण चिंधी गुंडाळून वर गाठ मारतो ना, तीच.

याच धातूवरून ‘स्थग’, म्हणजे लबाड, आतला हेतू झाकून ठेवणारा. त्याचा प्राकृतातून झाला ठग. कोर्टाची स्थगिती आणि वाटेवरचा ठग एका घरातले! हा ठग पुढे इंग्रजीतही गेला. गंमत अशी की तिथे त्याचे लांबचे भाऊबंद आधीपासून नांदत होते. लॅटिनमधला ‘तेगेरे’ म्हणजे झाकणं हा स्थग्‌चाच सगोत्र. त्याच्यापासून ‘प्रोटेक्ट’ आणि झाकण काढणारा ‘डिटेक्टिव्ह’. ठग झाकतो, डिटेक्टिव्ह उघडतो, धातू एकच. (ढगालाही या घरात ओढून आणायचा मोह होतो. नुसता ध्वनी जुळला म्हणून नाती लावायची नसतात, म्हणून आवरतो.)

झाकलेलं ते थांबवलेलं कसं झालं? माझं मत असं की हा अर्थ दप्तरातून आला. ज्या कागदावर आज निर्णय नको तो फाडत नाहीत. रुमालात बांधून ठेवतात. पेशवे दप्तर आजही रुमालांच्याच हिशेबाने मोजलं जातं. योजना ‘बासनात गुंडाळली’ म्हणतो तेव्हा आपण नेमकं हेच म्हणतो : कागद आहे, वर फडकं आहे. प्रकरणावर ‘पांघरूण घातलं’ हीसुद्धा तीच कल्पना, जरा ठगाच्या अंगाने. शिवाय क्रियापद बघा, स्थगिती ‘उठवतात’, झाकण उचलावं तशी. यावर कोणी म्हणेल, बंदीही उठवतात आणि बाजारही उठतो. म्हणा. ‘स्था’ (उभं राहणं, थांबणं) धातूच्या जवळिकीने अर्थ सरकला असंही काही जण सांगतात; त्यांनी पानाचा डबा आणि बोटावरची पट्टी यांचं काय करायचं तेही सांगावं.

आता स्थगितीच्या आसपास वापरले जाणारे बाकीचे शब्द. ‘मुलतवी’ अरबी. मूळ अर्थ पीळ पडलेला, वळलेला. ‘मोहलत’ही अरबी, तिच्या मुळाशी सावकाशपणा. ‘मुदत’ ज्या धातूतून आली तो ताणण्याचा, लांबवण्याचा. ‘मदत’ही त्याच धातूची, त्यामुळे मुदतवाढ मागणारा एका अर्थी मदतच मागत असतो. ‘माफ’ मात्र वेगळ्या जातीचा. त्याच्या अरबी धातूत पुसून टाकण्याचा अर्थ आहे, वाऱ्याने वाळूवरची पावलं पुसावीत तसा. म्हणून माफी आणि स्थगिती एकमेकींच्या जागी वापरल्या की चीड येते. एकीत पुसलं जातं, दुसरीत नुसतं झाकलं जातं.

संविधानाच्या कलम ७२ (राष्ट्रपती) आणि १६१ (राज्यपाल) मध्ये हे सगळं वेगवेगळं मोजलेलं आहे. माफीत दोष आणि शिक्षा दोन्ही जातात. शिक्षा सौम्य केली तर तिचा प्रकार बदलतो, फाशीची जन्मठेप होते. सूट मिळाली तर प्रकार तोच राहतो, मुदत घटते. दहाची सात वर्षं. आणि रिप्रीव्ह म्हणजे अंमलबजावणी तेवढी पुढे, बाकी काही हललेलं नाही. याला हिंदी संविधानात ‘प्रविलंबन’ म्हटलंय. हा शब्द उच्चारून होईपर्यंत कैद्याची मुदत संपायची. आपल्याकडे ‘तहकुबी’ रुळलेला असताना असले शब्द उसने आणण्याचं कारण नाही.

दिल्लीच्या २०१२च्या निर्भया प्रकरणात फाशीची पहिली तारीख २२ जानेवारी २०२० होती. ती १ फेब्रुवारीवर गेली, मग ३ मार्चवर, आणि अंमलबजावणी झाली २० मार्चला. प्रत्येक वेळी मथळा : ‘फाशी टळली’. टळणं म्हणजे येणारं संकट न येता जाणं. इथे फाशी लांबली होती, तहकूब झाली होती. दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर किमान १४ दिवस मिळावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवून दिलंय, ती मात्र तहकुबी नव्हे. ती मोहलत, आधीच ठरलेली.

‘शिक्षेला स्थगिती’ आणि ‘दोषसिद्धीला स्थगिती’ यांतही गल्लत होते. राहुल गांधींना सूरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ला दोन वर्षांची शिक्षा दिली आणि अपिलासाठी तीच ३० दिवस स्थगितही केली. तरी दुसऱ्या दिवशी खासदारकी रद्द झाल्याची अधिसूचना निघाली, कारण झाकली होती ती शिक्षा. दोषी ठरणं उघडंच होतं. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा ७ तारखेला सदस्यत्व परत आलं. त्या सगळ्या काळात ‘शिक्षेला स्थगिती’ एवढंच लिहिणाऱ्यांनी वाचकाला काही सांगितलं नाही.

शेतकऱ्याच्या बाबतीत ही गल्लत महागात पडते. दुष्काळ जाहीर झाल्यावर निघणारा शासन निर्णय वाचा. ३१ ऑक्टोबर २०१८चा, १५१ तालुक्यांचा, चांगला नमुना आहे. जमीन महसुलात ‘सूट’, सहकारी कर्जाचं ‘पुनर्गठन’, शेतीकर्जाच्या वसुलीस ‘स्थगिती’, कृषीपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के ‘सूट’, परीक्षा शुल्कात ‘माफी’, रोजगार हमीच्या निकषांत ‘शिथिलता’. एका कागदावर पाच शब्द, पाचांचे अर्थ निराळे, आणि बातमीत सगळ्यांचं मिळून ‘कर्जमाफीचा दिलासा’! वसुलीस स्थगिती म्हणजे बँकेचा माणूस दारात येणार नाही, एवढंच. मुद्दल तिथेच.

२०२०च्या कोरोनाकाळातल्या कर्जहप्त्यांच्या मोहलतीचंही तेच झालं, ‘सहा महिने हप्ते माफ’. हिशेब करून बघा. नवं गृहकर्ज २० लाखांचं, व्याज ९ टक्के, २० वर्षं, हप्ता १७,९९५ रुपये. सहा महिने हप्ता न भरता व्याज मुद्दलात मिळत गेलं तर सुमारे ९१,७०० रुपये चढतात. हप्ता तेवढाच ठेवला तर एकूण हप्ते २४० ऐवजी साधारण २७५. न भरलेले सहा, वाढलेले पस्तीस.

तुरुंगाच्या परिभाषेत मात्र मराठीने सुंदर काम केलंय. फर्लोला ‘संचित रजा’, शिक्षा भोगत साठवलेली, हक्काच्या जवळ जाणारी. पॅरोलला ‘अभिवचन रजा’. पॅरोल मुळात फ्रेंच, म्हणजे दिलेला शब्द, आणि अभिवचनात तो जसाच्या तसा उतरलाय. बातम्यांत दोन्हींना ‘सुट्टी’ म्हणतात. गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की तिथल्या नियमांप्रमाणे मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षांची प्रत्यक्ष कैद मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. बाहेर काढलेले दिवस आत जाऊन भरून द्यायचे!

राहिला मूळ प्रश्न. फाशीपुरती ‘तहकुबी’, कोर्टाच्या आदेशाला ‘स्थगिती’, देणेकऱ्याला ‘मोहलत’, पावसाला ‘उघडीप’. सगळीकडे चालेल असा एकच शब्द मिळणार नाही आणि नसलेलाच बरा. ‘जीवदान’ फाशीची जन्मठेप झाली तर लिहा, तारीख पुढे गेली तर नको. क्रिकेटमध्ये झेल सुटल्यावर म्हणतात ते ठीक आहे. तिथे पुढच्याच चेंडूवर त्रिफळा उडाला तरी कोणी शब्दकोश काढून बसत नाही.